सेवेचा धंदा कसा टिकतो



भोर-वेल्ह्यांतील पुष्कळ तरुण पोटासाठीं पुण्या-मुंबईची वाट धरितात. त्यांस आम्ही शेजारच्या मुळशी-मावळांतून मुंबईस गेलेल्या डबेवाल्यांचें उदाहरण सांगूं इच्छितों. सन १८९० मध्यें महादू हावजी बच्चे यांनीं सुमारें शंभर माणसांनिशीं हें काम आरंभिलें. झांकणावरील रंग व अक्षरें हाच डब्याचा पत्ता. टोळींतील प्रत्येकजण आज चाकर नसून भागीदार आहे. म्हणून एकाची चूक सर्वांस लागते. सन २०२० च्या टाळेबंदींत कचेऱ्या मिटल्या, तेव्हां डबेही थांबले. सचोटी असूनही गिऱ्हाईक तुटतें, हें आपण विसरूं नये. तरी वेळ पाळणें व मिळकत वांटून घेणें, यांवरच असा धंदा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. भांडवल मागाहून येतें. विश्वास आधीं मिळवावा लागतो.