मुक्त विद्यापीठ आणि पाळीतला कामगार
(चऱ्होली येथील भाषणाचा सारांश)



चार्ल्स एलियट हे १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष होते. अमेरिकेत १८९२ साली नेमलेल्या दहा जणांच्या समितीचे प्रमुखही तेच. महाविद्यालयात जाणारा असो वा न जाणारा, माध्यमिक शाळेत दोघांनाही विषय सारख्याच रीतीने शिकवावा, असे या समितीने सांगितले. (संपफोड्याला वीर ठरविणारेही हेच गृहस्थ, हे आपण विसरू नये!)

आपल्याकडे असा ठसा उमटविला तो राम ताकवले यांनी. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविल्यानंतर, १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. एलियट यांनी विद्यापीठातून शाळेकडे पाहिले; ताकवले यांनी शाळा सुटलेल्यालाच विद्यापीठात घेतले. बारावी न झालेल्यास पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमातून पदवीची वाट, पुस्तके घरी, अभ्यासकेंद्र जवळपास. वर्गाबाहेर अर्थशास्त्र शिकविता येईल यावर त्या काळी माझा विश्वास नव्हता. ती माझी चूक होती.

परंतु भोसरी-चाकणच्या कंत्राटी कामगाराची पाळी सतत बदलते. रविवारी संपर्कसत्र, आणि रविवारीच ओव्हरटाइम! हा दोष विद्यापीठाचा नव्हे. कामगाराचा वेळ कोणाच्या मालकीचा, हा तो प्रश्न आहे. कामगार संघटनांच्या मागणीपत्रकांत परीक्षेसाठी भरपगारी रजेचे कलम हवे, आणि ते कायम कामगारांपुरते नको.