वाळूची राखण कोणी करायची?

(नांदेड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांना समुद्र नाही. तेव्हा समुद्रकाठच्या कासवांची आणि पाखरांची गोष्ट येथे कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे तर तो जरा रागानेच विचारला जाईल. हा राग गैर नाही. परंतु कोकणचा किनारा आणि गोदावरीचे पात्र यांच्यात एक वस्तू समान आहे, ती म्हणजे वाळू. दोन्हीकडे या वाळूत अंडी घालणारे जीव आहेत, दोन्हीकडे ती वाळू कागदोपत्री सरकारची आणि व्यवहारात ज्याचे हात पोचतील त्याची आहे. एके ठिकाणी ती राखण्याची व्यवस्था उभी राहिली. दुसरीकडे राखण म्हणजे काय हेच अजून ठरलेले नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे. नाना फडणविसांचे गाव म्हणून ते इतिहासाला ठाऊक आहे. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी या किनाऱ्यावर हिंडत होते. तेथे त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे येथे अंडी घालण्यास येतात आणि गावातील काही लोक ती उकरून खातात, विकतात, हा पिढ्यांचा परिपाठ असल्याचे चौकशीत निघाले. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा आहे. तीस वर्षे कायदा पुस्तकात होता आणि अंडी बाजारात होती. यात वेळासच्या लोकांचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. ज्या गावात पावसाळी भाताखेरीज हाती फारसे लागत नाही आणि तरणी माणसे मुंबईला जातात, तेथे रात्रीतून वाळूत उगवणाऱ्या शंभर अंड्यांकडे दुर्लक्ष करा असे सांगणाऱ्याने पर्यायही सांगावा लागतो.

या कासवाची रीत अशी. नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी सुरईच्या आकाराचा खड्डा उकरते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, तो बुजवते आणि समुद्रात परत जाते. पिलांची आणि तिची पुन्हा गाठ पडत नाही. पन्नासेक दिवस ती अंडी केवळ वाळूच्या उबेवर असतात. नर निपजणार की मादी हेही त्या उबेवर ठरते, वाळू अधिक तापली तर माद्या अधिक. या अवधीत कुत्री, कोल्हे आणि माणसे यांच्यापासून ती वाचावी लागतात. यासाठी वेळासला जे केले गेले ते दिसायला अगदी साधे होते. पहाटे किनारा पायी तुडवायचा, कासवाच्या पायांची माग काढायची, अंडी सापडताच काही तासांच्या आत हलक्या हाताने काढून भरतीरेषेच्या वर कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोल खड्ड्यात पुरायची, तारीख लिहायची आणि वाट पाहायची. पिले बाहेर आली की त्यांना पाण्याच्या वाटेला लावायचे. हंगामात एकही दिवस चुकवून चालत नाही. भरती सकाळी असो की रात्री, देवदिवाळी असो की घरी लग्न, फेरी झालीच पाहिजे.

ही फेरी घातली गावातील माणसांनी. पूर्वी जे अंडी काढीत त्यांनाच माग ओळखण्याची विद्या होती, ती विद्या कामी आली. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांचा खरा शहाणपणा हा की, त्यांनी या माणसांना गुन्हेगार ठरवले नाही, जाणकार ठरवले. पुढे २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी मुंबई-पुण्याचे लोक येऊ लागले, गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, त्यांच्या हातचे जेवू लागले. अंडे विकून एकदा मिळणारे चार पैसे आणि अंडे राखून दरवर्षी मिळणारे भाडे यांचा हिशेब गावाने आपला आपणच केला.

१९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी असा सिद्धान्त मांडला की, सर्वांच्या मालकीची वस्तू शेवटी नासतेच. तिला वाचवायचे तर ती खाजगी करा, नाही तर सरकारी धाक बसवा. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरची कुरणे, मच्छीमारीची पाणी आणि पाटबंधारे तपासून दाखवून दिले की, लोक स्वतः नियम करतात आणि पाळतातही, मात्र नियम करणाऱ्यांचा त्या वस्तूशी रोजचा संबंध असला पाहिजे. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वेळासच्या बायाबापड्यांना ते कळवायला कोणी गेले नसेल.

तथापि वेळासचा गौरव करताना हिशेबाची दुसरी बाजू झाकू नये. पाहुणा उतरवायला जादा खोली लागते. ज्याचे घर दोन खणांचे आहे त्याच्या वाट्याला महोत्सव किती येतो? मच्छीमाराचे तर याहून वेगळे. कासव जाळ्यात अडकले तर ते सोडवण्यासाठी जाळे कापावे लागते. जाळे त्याचे आणि पुण्य समाजाचे, अशी ही वाटणी होती. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्र शासनाने अशा मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली, तेव्हा कोठे हा अन्याय काही अंशी दूर झाला. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवण्यात आले आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले. हे सारे होण्यापूर्वी कित्येक वर्षे पहाटेच्या फेऱ्या बहुतांशी स्वयंसेवकांच्या घामावर चालल्या. स्वयंसेवकाने सुरुवात करावी हे योग्यच आहे. पण त्याच्या जिवावर सरकारने आपली जबाबदारी कायमची टाकून द्यावी, हे मान्य करण्याजोगे नाही.

आता गोदावरीकडे यावे. नदी सुरय नावाचा पक्षी आहे. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. हा सुरय काड्यांचे घरटे बांधत नाही. फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत, पाणी ओसरून पात्रात वाळूची बेटे उघडी पडली की, वाळूत नुसता खळगा करून तो दोन-तीन अंडी घालतो. अंड्यांचा रंग वाळूसारखा, त्यामुळे पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. बेटाभोवती पाणी आहे तोवर ती सुरक्षित असतात. पाणी उतरून बेट काठाला जोडले गेले की कुत्री आणि गुरे थेट पोचतात. २०२० साली जागतिक यादीत या पक्ष्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी झाली. एके काळी भारताच्या नद्यांवर सर्वत्र दिसणारा हा पक्षी.

आणि वाळूउपशाचा हंगाम कोणता? पावसाळ्यात उपशाला मनाई असते, म्हणून सारा उपसा कोरड्या महिन्यांत येतो. पक्ष्याचा आणि हायवा गाड्यांचा हंगाम असा एकच आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने लहान वाळूघाटांनाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली. २०२३ साली राज्य सरकारने ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण जाहीर केले. त्या भावात नदीची भूजल धरून ठेवण्याची शक्ती किती, काठच्या विहिरी किती, सुरयाचे अंडे किती, याचा आकडा कोठेच नाही. महसूल पथके येतात, तराफे जाळतात, सक्शन पंप मोडतात आणि जातात. तराफ्यावर असतो तो बुडी मारून वाळू काढणारा मजूर. गाडीचा मालक तेथे सहसा नसतो. पक्ष्यांच्या नावाने या मजुरावर आणखी एक लाठी उगारायची असेल तर त्या संरक्षणात कार्यकर्त्यांनी पडू नये.

वेळासची नक्कल मात्र येथे चालणार नाही. कासवाची पिले पाहायला गर्दी चालते, सुरयाच्या घरट्यापाशी चालत नाही. मराठवाड्याच्या एप्रिलात पक्षी अंड्यांवरून उठला की थोड्या वेळात ती उन्हाने भाजून निघतात. हे पक्षी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी गार ठेवतात. तेथे छायाचित्रकारांची जत्रा भरवणे म्हणजे अंडी स्वतः फोडण्यासारखेच. म्हणून राखणदाराची मजुरी पाहुण्यांकडून निघणार नाही, ती दुसरीकडून काढावी लागेल. चंबळेच्या पात्रात पाणचिरा या पक्ष्याच्या घरट्यांवर काठच्या गावकऱ्यांनाच राखणदार नेमण्याचा प्रयोग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केला, तो या दृष्टीने अधिक जवळचा आहे.

पैसा कोठून, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठान नावाची तरतूद २०१५ च्या कायदादुरुस्तीने झाली. खाणकामाने ज्यांचे नुकसान होते त्यांच्यासाठी हा निधी आहे, आणि त्याच्या अग्रक्रमाच्या कामांत पर्यावरणरक्षणाचा समावेश आहे. त्यातून तीन महिन्यांसाठी घाटागणिक दोन माणसांची मजुरी मागता येईल. ती माणसे भोई असावीत, कोळी असावीत, पात्रात टरबुजाच्या वाड्या करणारी असावीत, तराफ्यावरून उतरलेला मजूर असला तर फारच उत्तम. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. बहुतेक ठिकाणी ती फलकापुरती आहे. कोणत्या बेटावर सुरय बसतो याची नोंद तिच्या नोंदवहीत एकदा आली, तर घाटाचा विषय ग्रामसभेपुढे येताना ते बेट वगळा असे म्हणायला कागद हाती राहतो. लातूरकडे मांजरेवर ठिकठिकाणी बॅरेज झाल्याने वाहती वाळू थोडीच उरली आहे, तेथे आधी पाहणीच करावी लागेल.

बाभळीच्या बंधाऱ्याचे वेळापत्रक २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारे उघडी ठेवायची आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. दोन राज्यांच्या भांडणातून निघालेल्या या तारखा आहेत. त्यांत पाखरांचा विचार असण्याचे कारण नव्हते. पण मार्चचा आरंभ हा सुरयाच्या विणीचाही काळ आहे. धर्माबाद तालुक्यातील कार्यकर्त्यांनी फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात पात्राच्या दोन्ही काठांनी, बेटांवर पाऊल न ठेवता, एक फेरी करावी. कोणत्या बेटावर पक्षी बसले आहेत ते लिहून आणावे आणि पाणी सुटल्यावर मार्चच्या पहिल्या आठवड्यात तीच फेरी पुन्हा करावी.