शेवाळाची जमिनीवरची वंशावळ



डबक्यातलं हिरवं शेवाळ कधी बोटांवर घेऊन पाहिलंय?
मऊ, बुळबुळीत, लांबच लांब धागे…
हेच ते शाळेच्या पुस्तकातलं स्पायरोगायरा.
सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशीत हिरवी पट्टी वळसे घेत जाताना दिसते.

आंबा, भात, बाभूळ, भिंतीवरचं मॉस…
जमिनीवरच्या साऱ्या वनस्पतींचे सर्वांत जवळचे नातलग याच शेवाळाच्या गटातले आहेत.

नातलग म्हणतेय मी, पूर्वज नव्हे.
दोघांचा पूर्वज एकच.
आणि तोही हिरवं शेवाळच होता.

सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वी…
या घराण्याची एक शाखा जमिनीवर रुजली.
पुरावा?
खडकांत सापडलेले सूक्ष्म बीजाणू.
त्यांचं कवच फार चिवट, म्हणून ते टिकले.

पण कोरड्या जमिनीवर तग धरला कसा?
मला हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.
तयारी पाण्यातच झाली होती.
डबकं आटतं…
तेव्हा स्पायरोगायराचे दोन धागे शेजारी येतात.
एका पेशीतला ऐवज दुसरीत जातो.
जाड कवचाचा बीजाणू तयार होतो,
आणि तो पाण्याची वाट पाहतो.

पुन्हा सांगते, जमिनीवरची झाडं शेवाळाच्याच वंशातली.

2019 मध्ये याच गटातल्या दोन शेवाळांचा जनुकसंच वाचला गेला.
कोरड सोसायला मदत करणारी काही जनुकं त्यांच्यातही निघाली.
आणि संशोधकांच्या मते,
त्यांतली काही मातीतल्या जिवाणूंकडून आलेली होती.