गणवेशाचा रंग एक, मापे मात्र अनेक

(नाशिक रोड येथे शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



ज्या नाशिक रोडला आज आपण जमलो आहोत, तेथे १९२८ पासून चलनी नोटांचा छापखाना आहे. नोट शेकडो हातांतून फिरते, घामाने ओलावते, तिच्या घडीवर घडी पडते. तरी ती सहजासहजी फाटत नाही. कारण तिचा कागद कापसाच्या तंतूंपासून तयार होतो. आज मला बोलायचे आहे ते अशा ३०० रुपयांविषयी. समग्र शिक्षा योजनेत एका गणवेशाला ३०० रुपये, म्हणजे वर्षाच्या दोन गणवेशांना ६०० रुपये, असा हिशेब चालत आला आहे. एवढ्या रकमेतून मुलाच्या अंगावर काय येते, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

एका शाळेत मी तिसरीच्या वर्गात बसलो होतो. गुरुजींनी प्रश्न विचारला की बहुतेक हात वर होत. एका मुलाचा हात मात्र खांद्यापर्यंत येऊन थांबे. त्याला उत्तर येत नसावे, असा माझा समज झाला. सुटीत जवळ बोलावून पाहिले, तेव्हा कळले की सदऱ्याचा मुंढा इतका आखूड बेतला होता की हात उंचावताच काखेतली शिवण उसवत होती. वर्षभर गुरुजींनी त्या मुलाविषयी काय मत करून घेतले असते, याचा विचार आपणच करावा.

२०२४-२५ या वर्षी राज्यात गणवेशाची व्यवस्था एकाच ठिकाणाहून करण्यात आली. अनेक शाळांना गणवेश उशिरा मिळाले, मापे जुळली नाहीत, अशा तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवली. शिक्षणहक्क कायदा, २००९ नुसार या समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. म्हणजे ज्या माऊलीने आयुष्यभर घरातील कापड धुतले, वाळवले आणि रफू केले, तिचे मत आता खरेदीच्या वेळी घेता येते. ते घेतले मात्र पाहिजे.

कापड कोणते घ्यावे?

याचे एकच उत्तर साऱ्या जिल्ह्याला लागू पडणार नाही. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मालेगावात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. निफाडला थंडीत तो पाच अंशांखालीही उतरतो. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के बाष्प धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणूनच सुती कापड घाम शोषून घेते आणि निव्वळ कृत्रिम कापड अंगाला चिकटते. उलटपक्षी, जाड सुती कापड पावसाळ्यात रात्रभरात वाळत नाही आणि मूल दमट कपड्यांतच शाळेत येते. तेव्हा मालेगाव, नांदगाव, येवला या भागांत सुताचे प्रमाण जितके अधिक तितके बरे. इगतपुरी, पेठ, सुरगाणा येथे वजनाला हलके टेरिकॉट सोयीचे ठरते; मात्र त्यातही सुताचा वाटा किती, हे विचारून घ्यावे. बाजारात ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत हे मिश्रण सर्रास मिळते. दुकानदार त्यालाच ‘कॉटन’ म्हणत असेल, तर पारख आपल्याला हवी.

ही पारख अवघड नाही. कापडाचा एक धागा चिमट्यात धरून जाळावा. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा टणक मणी बनतो. हा प्रयोग मोठ्यांनीच, मुलांपासून दूर करावा. ओला पांढरा रुमाल कापडावर घासावा. रुमालाला रंग लागला तर ते ठाण परत करावे. कापडाखाली तळहात धरावा; बोटे स्पष्ट दिसली तर ते कापड मुलींच्या सदऱ्याला घेऊ नये. कापड दोन्ही हातांनी चोळावे. पांढरी भुकटी झडली तर त्याचे अंग खळीचे आहे, पहिल्या धुण्यातच ते विरळ पडेल.

सर्वांत महत्त्वाची कसोटी आटण्याची. कापडाच्या तुकड्यावर उभी ५० सेंटिमीटरची रेघ मारावी, तो भिजवून वाळवावा आणि पुन्हा मोजावा. रेघ ४८ सेंटिमीटर भरली, तर कापड चार टक्के आटले. म्हणजे ६० सेंटिमीटर लांबीचा सदरा सुमारे अडीच सेंटिमीटरने आखूड होणार. यावर उपाय सोपा आहे : बेतण्यापूर्वी कापड भिजवून वाळवावे. जूनच्या घाईत हे जमत नाही. म्हणून खरेदी एप्रिलमध्येच उरकावी.

माप वयाचे नव्हे, मुलाचे

‘चौथीचे माप’ अशी वस्तू जगात नाही. एकाच बाकावरच्या दोन मुलांच्या छातीत सहज आठ-दहा सेंटिमीटरचा फरक असतो. शाळेत उंची-वजनाची नोंद आपण ठेवतोच. त्याच वहीत छाती, खांदा, कंबर आणि बैठक यांचे चार रकाने वाढवावेत. मोठ्या मुलींची मापे शिक्षिकेने किंवा आईनेच घ्यावीत. छातीचे माप मुलाला पूर्ण श्वास घ्यायला सांगून घ्यावे आणि त्यावर आठ-दहा सेंटिमीटरचा सैलपणा द्यावा. आपली कितीतरी मुले जमिनीवर मांडी घालून बसतात; म्हणून विजारीची बैठक व मांडी यांत कंजुषी करू नये.

या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. त्यासाठी कपडा आजच ढगळ शिवणे हा उपाय नव्हे. आपले शिंपी ज्याला ‘माया’ म्हणतात, ती बाजूच्या शिवणींत दोन सेंटिमीटर ठेवावी आणि खालची दुमड रुंद घ्यावी. पुढच्या वर्षी टीप उसवली की कपडा वाढतो. किती अर्थपूर्ण शब्द आहे हा! आईने लेकराला द्यावी तीच वस्तू शिंप्यानेही कापडात राखून ठेवायची. गणवेश बचतगटाकडे शिवायला दिल्यास प्रथम एकच नमुना शिवून घ्यावा, तो मुलाला घालून पाहावा आणि मगच उरलेले कापड बेतू द्यावे.

शेवटी एक विनंती. गणवेश वाटून सह्या घेतल्या की काम संपले, असे समजू नये. जुलैमध्ये एकदा धुतलेल्या गणवेशांत वर्ग भरला असताना सर्व मुलांना दोन्ही हात सरळ वर करायला सांगावे, मग खाली मांडी घालून बसायला सांगावे. कोठे शिवण ताणली, कोठे सदरा वर चढला, हे क्षणात दिसेल. त्या मुलांची नावे लिहून घेऊन दुरुस्ती करून द्यावी. उत्तर येत असूनही हात वर न करणारे एकही मूल आपल्या शाळेत राहू नये, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.