ओढण्याचे बळ आणि थांबण्याचे बळ



दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागांतल्या रस्त्यांचे रूपच पालटते. रात्र नाही, दिवस नाही, उसाने लादलेल्या ट्रॉल्या वजनकाट्याकडे निघालेल्या असतात. पुढे ट्रॅक्टर आणि मागे एक, पुष्कळदा दोन ट्रॉल्या. त्यांतले कितीतरी ट्रॅक्टर पंधरावीस वर्षांचे जुने. अशा जुन्या ट्रॅक्टरामागे भरली ट्रॉली जोडताना काय पाहावे, एवढ्याच विषयावर आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

ट्रॅक्टर घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो तो, ‘हा किती ओढतो?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही : ‘हा किती थांबवतो?’ ओढण्याचे बळ अश्वशक्तीच्या आकड्यात बॉनेटवर दिमाखाने लिहिलेले असते. थांबवण्याचे बळ कुठेही लिहिलेले नसते. ते आपले आपणच मोजावे लागते. चला, मोजून पाहू. हिशेब सोपा आहे.

समजा, ट्रॅक्टर दोन टनांचा आणि ट्रॉली उसासकट दहा टनांची. एकूण बारा टन. आपल्याकडच्या कितीतरी ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे या बारा टनांना थोपवायचे ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. त्या चाकांवर ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीच्या दांडीचा मिळून अडीच टन भार आहे असे धरा. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड साधारण त्या भाराच्या सहा दशांश, म्हणजे दीड टनाची. ब्रेक कितीही चांगला असो, दीड टनापेक्षा अधिक जोर रस्ता देणारच नाही. दीड टनाने बारा टन आवरायचे, म्हणजे एकाने आठांना आवरण्यासारखे झाले.

आता वेग घ्या. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर काही आडवे आले, तर ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात १० मीटर संपले. त्यानंतर थांबायला आणखी सुमारे ४० मीटर. एकूण ५० मीटर. वेग निम्मा करा, ताशी १८ किलोमीटर; मग हेच अंतर अवघे १५ मीटर होते. वेग निम्मा केला की ब्रेकचे अंतर निम्मे नव्हे, चौथाई होते. मागे दहा टनांची दुसरी ट्रॉली जोडलीत, तर ताशी ३६ च्या वेगाला नुसते ब्रेकचे अंतरच ७५ मीटरांच्या आसपास जाते.

हे झाले सपाट रस्त्याचे. उताराचे गणित याहून कठोर आहे. सोळा फूट पुढे गेल्यावर एक फूट खाली जाणारा उतार असेल, तर आपले निम्मे थांबवण्याचे बळ उतारच खाऊन टाकतो आणि ४० मीटरांचे ८० मीटर होतात. आणि आठ फुटांला एक फूट असा उतार असला, तर? तर ती ट्रॉली थांबतच नाही. ड्रायव्हर कितीही हुशार असो, ब्रेक कितीही नवे असोत, चाके घसरत जातात आणि मागचे ओझे ट्रॅक्टरला ढकलत नेते. असा उतार हमरस्त्यावर क्वचितच. पण ओढ्याच्या पात्रात उतरणारी वाट किंवा कालव्याच्या भरावावरून खाली येणारा रस्ता आठवून पाहा बरं!

म्हणून उताराचा निर्णय उताराच्या माथ्यावर घ्यावा, मध्यावर नव्हे. जो चढ चढायला जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतार उतरावा, हा जुना नियम पक्का ध्यानात ठेवा. गिअर वरच टाकावा, मध्ये बदलू नये. आणि डिझेल वाचते म्हणून न्यूट्रलवर गाडी सोडण्याचा मोह तर मुळीच नको. ओझे पेलवणार नाही असे वाटले, तर उतारापूर्वीच दुसरी ट्रॉली सोडावी आणि दोन खेपा कराव्यात.

आता जुन्या ट्रॅक्टरचे खास. आपण इंजिनाचे काम हौसेने करून घेतो, रंगही देतो. ब्रेक मात्र ‘लागतात की’ म्हणून तसेच राहतात. जुन्या ट्रॅक्टरांत बहुधा कोरडे ब्रेक असतात. त्यांत पाणी किंवा गळके तेल शिरले की ते घसरतात. ओढ्यातून बाहेर आल्यावर दोनचार वेळा हलके दाबून ते सुकवून घ्यावेत. शिवाय ट्रॅक्टरला डाव्याउजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात आखूड वळण घ्यायला ती सोय. पण रस्त्यावर तीच घात करते. एकाच पेडलवर पाय पडला की ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो, मागची ट्रॉली सरळच येत राहते आणि दोघांची चाकूसारखी घडी होते. रस्त्यावर येताना दोन्ही पेडले जोडणारी कडी लावलीच पाहिजे. आणि हंगामाआधी मोकळ्या सपाट जागी, ट्रॉली न जोडता, हळू वेगात ब्रेक दाबून पाहावेत. ट्रॅक्टर सरळ थांबला तर ठीक. एका अंगाला ओढला तर आधी मेस्त्री, मग ऊस.

ओझे कसे भरावे, हे आपल्या वाडवडिलांना चांगले कळत होते. बैलगाडी मागे जड झाली की ती ‘उलाळ’ झाली म्हणत. पुढे जड झाली की बैलांच्या मानेवर भार येई. दोन चाकांच्या ट्रॉलीचेही तेच. मागे जास्त मोळ्या पडल्या की दांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि वेगात ट्रॉली शेपटीसारखी हेलकावू लागते. पुढे फार भरले तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग फिरवूनही तोंड वळत नाही. अमेरिकेत पिकअप गाडीमागे चाकांवरचे छोटे घर ओढत प्रवासाला निघणारे लोक आहेत. त्यांचा दंडक असा, की ओढायच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार जोडावर असावा. मुलूख निराळा, ओझे निराळे. पण तोल तोच.

जोडाविषयी आणखी एक. रुतलेली ट्रॉली काढताना साखळी कधीही मागच्या आसाच्या वर अडकवू नये. खालच्या हुकालाच लावावी. वर अडकवली, की पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर उलटतो. ते इतके झटकन होते, की उडी टाकायलाही वेळ मिळत नाही.

राहता राहिली रात्र. अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसतच नाही. वाळले पाचट आणि काळोख एकच होतात. मागे लाल परावर्तक हवेतच, आणि लोंबणाऱ्या उसाने ते झाकले जाता कामा नयेत. टायर फुटला तर ट्रॉली डांबरावरून खाली घ्यावी. तेवढीही जागा नसेल तर बरेच मागे चमकता त्रिकोण ठेवावा. नुसता दगड ठेवू नये. गाडी काढताना तो तिथेच विसरतो आणि पुढच्याचा बळी घेतो. टेपचा आवाज एवढा मोठा नको, की मागच्याचा हॉर्न ऐकू येऊ नये. आणि तोडणीच्या टोळीतली बायकापोरे उसावर बसवून कधीच नेऊ नयेत.

यावर कुणी म्हणेल, ‘गुरुजी, पैसे टनावर मिळतात. कमी भरले, हळू गेलो, तर हप्ता कसा फेडायचा?’ प्रश्न खरा आहे आणि तो एकट्या ड्रायव्हरने सोडवायचा नाही. खेपांची घाई मालक करतो, मुकादम करतो, कारखान्याच्या दारातला नंबरही करतो. तेव्हा हा हिशेब त्या साऱ्यांनीच बसून करावा. पण किल्ली फिरवण्यापूर्वीचा शेवटचा निर्णय ड्रायव्हरच्या हाती असतो. त्या वेळी ट्रॅक्टर किती ओढेल हे विचारू नका. तो तर ओढेलच. पुढच्या उतारावर एखादे पोर आडवे आले, तर हे सगळे थांबेल का, एवढे विचारा. उत्तर ‘होय’ आले, तरच निघा.