सिंधूतीर, प्रवराकाठ आणि आपली ज्ञाती



व्यवस्थापक मंडळाने आम्हांस आज्ञा केली ती ‘आपल्या ज्ञातीचे प्राचीनत्व’ या विषयावर बोलण्याची. गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत एका उत्साही बंधूंनी, आपण कासार म्हणजे सिंधू संस्कृतीचे थेट वंशज होत, असे लिहिले होते. ते वाक्य आपल्या वधूवर-सूचीच्या मुखपृष्ठावर छापावे, असा ठराव आज सायंकाळच्या सभेपुढे यावयाचा आहे. तेव्हा त्या जुन्या नदीकाठच्या संस्कृतीविषयीच चार शब्द बोलावे आणि ठरावाविषयीचे मत शेवटी सांगावे, असे आम्ही योजिले आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक, पुराणवस्तुसंशोधक नव्हे. जे वाचले, मुलांस शिकविले आणि पुढे स्वतःच दुरुस्त केले, तेवढेच आमचे भांडवल.

नाईल, तैग्रिस, युफ्रेटिस, सिंधू या नद्यांची कथा एका अर्थी एकच आहे. पूर येतो, गाळ टाकून जातो, आणि कुटुंबाच्या पोटाला पुरून धान्य उरते. जे उरते त्यावर कुंभार, विणकर, धातू ओतणारा आणि हिशेब लिहिणारा जगतो. आपल्यासारख्या कारागिरांचा जन्म या उरलेल्या राशीतून झाला. हे ऐकून कोणास कमीपणा वाटू नये.

सिंधूच्या खोऱ्यातील नगरे इ. स. पूर्व २६०० ते १९०० या काळात भरभराटीस होती. पुढे ती इतकी विसरली गेली की, १८५० नंतरच्या दशकात लाहोर-मुलतान लोहमार्ग बांधताना हडप्प्याच्या विटा खडीप्रमाणे रुळांखाली घातल्या गेल्या. १९२१ मध्ये दयाराम साहनी यांनी हडप्पा आणि १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो खणावयास घेतले. १९२४ मध्ये सर जॉन मार्शल यांनी ही वार्ता जगास कळविली. ज्या विटांवरून आगगाडी धावत होती, त्या चार हजार वर्षांपूर्वीच्या निघाल्या!

त्या विटेविषयी थोडे सांगितले पाहिजे. जाडी एक, तर रुंदी दोन आणि लांबी चार, हे प्रमाण शेकडो कोसांवरच्या गावांतही पाळलेले दिसते. वजनांचेही तसेच. चर्ट नावाच्या कठीण दगडाचे घासून गुळगुळीत केलेले चौकोनी ठोकळे. एकाचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ, आठांचे सोळा अशी चढण. सोळाच्या पायरीचा ठोकळा सुमारे १३.७ ग्रॅमचा, म्हणजे सव्वा तोळ्याहून किंचित कमी. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तोवर रुपयाचे सोळा आणे होते आणि शेराच्या छटाकाही सोळाच. आमचे वडील भांड्यांच्या दुकानात अखेरपर्यंत आण्यांतच हिशेब करीत. हे सोळाचे मोजमाप सिंधूतीराहूनच वाहत आले असे सिद्ध झालेले नाही; परंतु अर्धे, पुन्हा अर्धे, पुन्हा अर्धे असे वाटे करणे तराजूपुढे बसलेल्या मनुष्यास किती सोयीचे असते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

आता आपल्या धंद्याकडे येऊ. मोहेंजोदडो येथे १९२६ मध्ये एक वीतभरही उंची नसलेली काशाची मुलगी सापडली. विद्वान तिला नर्तकी म्हणतात. ती नाचत असे कशावरून, हे आम्हांस कधीच उमगले नाही. ती तर कमरेवर हात ठेवून कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखी उभी आहे. तिच्या डाव्या हातात दंडापासून मनगटापर्यंत बांगड्यांची रास आहे, उजव्या हातात चारच. आमच्या मातोश्री घरोघर जाऊन बांगड्या भरीत. पुस्तकातले हे चित्र आम्ही त्यांस दाखविले, तेव्हा त्या क्षणभर पाहून म्हणाल्या, “उजवा हात कामाचा, म्हणून मोकळा ठेवलाय.” एवढा सरळ अर्थ आम्हांस पुस्तकांत मिळाला नव्हता.

ही पुतळी जशी घडविली ती रीत ध्यानात घ्यावी. प्रथम मेणाची आकृती करावयाची, तिच्यावर मातीचे लेप चढवावयाचे. लेप भाजला की मेण वितळून वाहून जाते. त्या पोकळीत तापलेला रस ओतावयाचा आणि निवल्यावर माती फोडावयाची. साचा एकदाच उपयोगी पडतो, म्हणून तशी दुसरी आकृती होत नाही. बस्तरचे घडवे आणि तामिळनाडूत स्वामीमलईचे मूर्तिकार आजही याच रीतीने ओततात. बांगड्यांचेही पाहा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर नागेश्वर येथे शंख कापून बांगड्या करण्याचा मोठा उद्योग सिंधूकाळी होता. बंगालमध्ये सौभाग्यवतीच्या हाती शंखाची बांगडी आजही असते. शेतीतही तेच. राजस्थानात कालीबंगा येथे पाच हजार वर्षांच्या घरातले नांगरलेले शेत निघाले, उभ्या आणि आडव्या दोन्ही तासांचे. उत्खनन चालले असता शेजारचे शेतकरी त्याच पद्धतीने एका दिशेच्या तासांत मोहरी आणि दुसऱ्या दिशेच्या तासांत कडधान्य पेरीत होते. त्यांस कोणी इतिहास शिकविला नव्हता.

ही माणसे आपल्याच खोऱ्यात कोंडून राहिली नव्हती. मेसोपोटेमियातील राजा सारगॉन याने मेलुहाची गलबते आपल्या धक्क्याला लागतात असे अभिमानाने कोरून ठेविले आहे, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असे बहुतेक पंडित मानतात. तिकडे शू-इलिशू नावाच्या एका गृहस्थाची मुद्राही मिळाली असून तिच्यावर तो मेलुहाच्या भाषेचा दुभाषी असल्याचे लिहिले आहे. सिंधूच्या लोकांची लिपी आपणांस अद्याप वाचता येत नाही. त्यांची बोली जाणणारा एक मनुष्य नावानिशी ठाऊक आहे, तोही परक्या देशातला. त्याच देशातील साठाच्या गणनेमुळे आपल्या घड्याळात तासाची साठ मिनिटे पडतात. असो.

महाराष्ट्रात याचा धागा प्रवरेच्या काठी सापडतो. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाचे मूळ खणताना चार ओतीव वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेली गाडी, तीत उभा असलेला हाकणारा. चारांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. त्यांच्या काळाविषयी पंडितांत मतभेद आहेत. पण सिंधू लिपीची चिन्हे असलेली खापरे त्याच गावच्या पांढरीत मिळाली, तेव्हा त्या संस्कृतीची उत्तरकालीन वस्ती तेथे होती याविषयी शंका उरत नाही. एवढा रस एका वेळी तापवून ओतणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी भट्टी पेटत असे त्यांनीच समजावे.

आता आमची चूक. कित्येक वर्षे आम्ही वर्गात शिकविले की, आर्यांनी स्वारी करून मोहेंजोदडोची कत्तल केली. रस्त्यांत पडलेल्या सांगाड्यांचे चित्र फळ्यावर काढीत असू. मुले श्वास रोखून ऐकत. सर मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये ते मत मांडले होते. एके वर्षी मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “गुरुजी, मारणाऱ्यांची हत्यारे कुठे सापडली?” आम्ही त्यास गप्प बसविले. घरी येऊन मात्र शोध घेतला, तेव्हा कळले की १९६४ मध्येच जॉर्ज डेल्स यांनी नेमका हाच प्रश्न केला होता. सांगाडे एका काळचे नाहीत, बालेकिल्ल्यात एकही नाही, हत्यारे नाहीत. पुढे हाडे तपासली गेली तेव्हाही कत्तलीस आधार मिळाला नाही. पाऊस उणावला, नद्यांनी पात्रे बदलली, माणसे पूर्वेस व दक्षिणेस पांगली, असे आता मानले जाते. आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाची क्षमा मागितली. परंतु आधीच्या वर्षांतील मुले शाळा सोडून गेली होती. त्यांस आम्ही काय कळविणार? ती कत्तल त्यांच्या डोक्यात आजही असेल.

म्हणून ठरावाची आम्हांस धास्ती वाटते. हरियाणातील राखीगढी येथे पुरलेल्या एका स्त्रीच्या अस्थींतील आनुवंशिक द्रव्य तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या वंशधारेतली ती होती, तिचा अंश आज बहुतेक भारतीयांत आहे. बहुतेक भारतीयांत, बांधव हो! आपल्यात असेल, तसा आपल्या दुकानी बांगड्या भरावयास येणाऱ्या प्रत्येक भगिनीत, आणि दायमाबादच्या त्या भिल्ल शेतकऱ्यातही. उद्या दुसऱ्या एखाद्या ज्ञातीने हेच वाक्य आपल्या सूचीवर छापिले, तर आपण कोणता पुरावा पुढे करणार? धंदा तोच होता, एवढे आपण म्हणू शकतो. घराणे तेच होते, असे म्हणण्यास आपल्याजवळ काही नाही. आणि ही सूची आपल्या मुलामुलींच्या हाती जावयाची आहे.

सायंकाळी आम्ही ठरावाविरुद्ध मत देणार आहोत, हे आताच सांगून ठेवितो, म्हणजे मागाहून कोणास वाईट वाटावयास नको. मुखपृष्ठ कोरे राहू नये म्हणून एक सुचवितो. त्यावर दायमाबादच्या बैलगाडीचे चित्र छापावे; खाली गावाचे नाव, नदीचे नाव आणि १९७४ हे वर्ष घालावे. छपाईच्या खर्चापैकी पाचशे रुपये आम्ही कोषाध्यक्षांकडे आजच जमा केले आहेत. ठराव मंजूर झाला तरी ते परत मागणार नाही.