मुक्या जीवाची शुश्रूषा : तोल गेलेल्या पाळीव उंदराच्या निमित्ताने

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जीवदया हा शब्द कानी पडताच श्रावकाच्या डोळ्यांसमोर पांजरपोळातील गाय उभी राहते, चबुतऱ्यावर दाणे टिपणारी कबुतरे उभी राहतात. मुंबईचा पांजरपोळ १८३४ साली स्थापन झाला. तेव्हापासून किती मुक्या जीवांना त्याने आश्रय दिला असेल, याची गणती करणे कठीण आहे. या करुणेच्या चित्रात उंदराला मात्र जागा मिळाली नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो ठाण कुरतडणारा, धान्याची पोती फोडणारा. आणि १८९६ च्या मुंबईतील प्लेगनंतर तर तो साक्षात मृत्यूचा दूत ठरला. परंतु शास्त्राने जीवांची वर्गवारी उपयुक्ततेवरून केलेली नाही, इंद्रियांवरून केली आहे. गाय पंचेंद्रिय आहे, तसाच उंदीरही पंचेंद्रिय आहे. वेदना दोघांनाही होते.

आज शहरांतील काही घरांत पांढरे किंवा ठिपकेदार उंदीर पाळले जातात. हा प्राणी स्वभावाने माणसाळू, स्वच्छताप्रिय आणि हुशार असतो. त्याचे आयुष्य जेमतेम दोन ते तीन वर्षांचे. मुळात प्राण्याला पिंजऱ्यात ठेवावे काय, हा प्रश्न श्रावकाने स्वतःला अवश्य विचारावा, आणि तो प्राणी घरी आणण्यापूर्वी विचारावा. एकदा तो जीव घरात आला, की त्याच्या अन्नपाण्याचे व आजारपणाचे उत्तरदायित्व घरधन्यावर येते.

एका साध्या कुटुंबाचे चित्र नजरेसमोर आणावे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीने दोन उंदीर पाळले आहेत. त्यांपैकी एक दीड वर्षाचा आहे. सकाळी तो व्यवस्थित खेळत होता. सायंकाळी पाहतात तो त्याची मान उजवीकडे कललेली आहे. चालू लागला की तो त्याच बाजूला गोल गोल फिरतो, उचलून घेतला की हातात कोलांट्या खातो, आणि त्याची बुबुळे एकसारखी थरथरत आहेत. घर घाबरून जाते. वडील म्हणतात, ‘‘त्याचे आयुष्य संपत आले. शांतपणे जाऊ द्या त्याला.’’ आजी म्हणतात, ‘‘नवकार ऐकवा आणि मंदिरामागच्या बागेत सोडून या. बंधनात मरण नको.’’ काका म्हणतात, ‘‘दवाखान्यात नेऊन इंजेक्शन द्या. तडफड तरी थांबेल.’’ तिन्ही सल्ले चांगल्या मनाने दिलेले आहेत. मात्र तिन्हींच्या मागे एकच गृहीतक आहे, की आता करण्यासारखे काही उरलेले नाही. हे गृहीतक तपासून पाहणे, हाच आजच्या विवेचनाचा हेतू होय.

प्रथम वडिलांचे म्हणणे पाहू. अचानक तोल जाणे म्हणजे आयुष्याची अखेर, असे मुळीच नाही. शरीराचा समतोल राखणारे इंद्रिय कानाच्या आतल्या भागात असते. उंदराच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा संसर्ग फार सर्रास आढळतो. तो संसर्ग, किंवा त्याच्या जोडीने आलेले अन्य जंतू, घशातून मध्यकर्णात आणि तेथून अंतर्कर्णात पोहोचले, की वर वर्णन केलेली सर्व लक्षणे काही तासांतही प्रकट होऊ शकतात. हा आजार पुष्कळदा उपचारांना दाद देतो. पशुवैद्य प्रतिजैविक आणि दाह कमी करणारे औषध देतात. प्रतिजैविक कित्येकदा काही आठवडे चालू ठेवावे लागते. दोन दिवसांत उतार पडला म्हणून ते आपल्या मनाने बंद करणे घातक ठरते. उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले. मान कायमची थोडी कललेली राहिली, तरी पुष्कळ उंदीर त्या कलत्या जगाशी जुळवून घेतात आणि पुढे व्यवस्थित जगतात.

तथापि प्रत्येक वेळी कानच दोषी असतो असे नाही. वयस्कर उंदराच्या, विशेषतः मादीच्या, मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीत गाठ होऊ शकते. तेव्हा पुढचे पाय ताठरतात, दोन्ही पंजांत घास धरता येत नाही, चावणे जड जाते. ही गाठ सहसा बरी होत नाही. औषधाने काही काळ आराम पडू शकतो. पक्षाघातात शरीराची एक बाजू एकाएकी लुळी पडते. त्यातून काही दिवसांत थोडीफार सुधारणाही संभवते. वृद्ध नरांच्या मागच्या पायांतील शक्ती हळूहळू कमी होत जाते, ते पाय ओढत चालतात. याला इलाज नाही. पण त्यात वेदना फारशी दिसत नाही, आणि चांगल्या देखभालीत असा उंदीर समाधानाने दिवस काढतो. याखेरीज उंचावरून पडणे, उन्हाळ्यातील उष्माघात, आणि घरात वा दुकानात ठेवलेले उंदीरनाशक विष पोटात जाणे, हीही कारणे असतात. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले विष आपोआप बाहेर पडत नाही. विषाची शंका असेल तर त्याचे वेष्टन सोबत घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

लक्षणे सारखी आणि कारणे वेगवेगळी, म्हणूनच निदान घरी होत नाही. सर्वच पशुवैद्य उंदीर तपासतात असेही नाही; तेव्हा आधी दूरध्वनी करून विचारावे. जाताना उंदराचे वय, लक्षणे सुरू झाल्याची वेळ, मान कोणत्या बाजूला कलते, श्वासाचा घरघर आवाज आहे काय, खाणेपिणे किती, हे सारे लिहून न्यावे. मोबाईलवर त्याच्या चालण्याचे चित्रण करून ठेवावे, कारण दवाखान्यात प्राणी भीतीने निपचित बसतो. माणसांची औषधे अंदाजाने कदापि देऊ नयेत. तीनशे-चारशे ग्रॅम वजनाच्या देहाची मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. डोळ्यांभोवती व नाकाशी लाल स्राव दिसला तर ते रक्तच आहे असे समजून गडबडून जाऊ नये. उंदराच्या अश्रूंतील तो एक रंग असतो. मात्र तो साचू लागला, की प्राणी आजारी किंवा तणावाखाली आहे, असे समजावे.

आता आजींचे म्हणणे. जीव मोकळा करणे हे पुण्यकर्म, ही भावना आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातून खाल्लेला उंदीर बागेत सोडणे म्हणजे त्याला मुक्त करणे नव्हे. त्याला अन्न शोधता येत नाही, मांजराची व कावळ्याची चाहूल त्याला समजत नाही, आणि तोल गेलेल्या स्थितीत तर तो बिळापर्यंतही पोहोचणार नाही. भूक-तहानेने तळमळेल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा ठरतो. बंधन सोडवण्याच्या नावाखाली निराधार करणे, याला दया म्हणता येणार नाही.

येथेच शास्त्राने दिलेली एक सूक्ष्म दृष्टी उपयोगी पडते. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पहिले चार हातून घडताना दिसतात. पाचवा मात्र न दिसता घडतो. पिंजऱ्याच्या वरच्या कप्प्यात दाणे आहेत, जाळीला पाण्याची बाटली टांगलेली आहे. घरच्यांना वाटते, सर्व काही जागच्या जागी आहे. पण ज्याला दोन पावले सरळ टाकता येत नाहीत, मान वर करताच जो कोलमडतो, त्याच्यासाठी ती बाटली एक योजन दूर आहे. तो तिच्याकडे पाहत तहानेला राहतो. असे आजारी उंदीर कित्येकदा मूळ रोगापेक्षा उपासमारीने आणि पाण्याच्या अभावाने लवकर खचतात. ‘त्याने खाणेपिणे सोडले, त्याची वेळ आली,’ असे म्हणून कोणी याची तुलना सल्लेखनेशी करू नये. सल्लेखना हे पूर्ण जाणिवेने व स्वेच्छेने घेतलेले व्रत आहे. पाण्यापर्यंत पोहोचता न येणे हे व्रत नव्हे. तो घरधन्याकडून घडलेला अन्नपाननिरोध होय.

म्हणून शुश्रूषेचा आरंभ पाण्यापासून करावा. शंभर ग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे १० मिलिलिटर पाणी उंदराला लागते. बाटली अगदी खाली आणावी किंवा जड, उथळ वाटी ठेवावी. जोडीला काकडीच्या फोडी द्याव्यात. अन्न मऊ असावे : मीठ-मसाल्याविना मुगाची पातळ खिचडी, भिजवून कुस्करलेली भाकरी, शिजवलेला दुधी किंवा लाल भोपळा, थोडे केळे. आपल्या स्वयंपाकघरात हे सर्व सहज मिळते. स्वतः खाता येत नसेल तर बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या कडेने थेंबथेंब भरवावे. मान सरळ धरावी, तो गिळेपर्यंत थांबावे. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाते. स्वयंपाकघरातील लहान वजनकाट्यावर त्याचे रोज वजन करून वहीत लिहावे. व्यापारी माणसाला रोजमेळ लिहिण्याची सवय असतेच. वजन दहा टक्क्यांनी उतरले तर तो धोक्याचा इशारा समजावा. त्याचे दात आयुष्यभर वाढत असतात. चावणे थांबले की ते अतोनात वाढून तोंडात रुततात, म्हणून तेही पशुवैद्याकडून पाहून घ्यावेत.

उंदीर निशाचर आहे, तो रात्रीच अधिक खातो-पितो. घरात चौविहाराचा नियम असेल तर तो माणसांनी पाळावा. मुक्या जीवावर तो लादू नये. सूर्यास्तानंतर त्याची वाटी भरलेलीच असली पाहिजे.

त्यानंतर निवारा. शिड्या, झुले, वरचे कप्पे काढून पिंजरा एकमजली करावा. कडांना कापडाच्या वळकट्या लावाव्यात, म्हणजे लोळताना मार बसत नाही आणि अंगाला आधार लागला की चक्करही कमी जाणवते. अंथरण्यासाठी कापड निवडताना थोडे तारतम्य हवे. टर्किश टॉवेलच्या फासांत नखे अडकतात, सुटे दोरे पायाला गुंडाळून पाय सुजतो. फ्लीस किंवा जुने, धुऊन मऊ झालेले होजिअरीचे कापड उत्तम. ओले झाले की ते लगेच बदलावे, कारण लघवीने पोटाची कातडी सोलवटते. अंग स्वतः चाटून स्वच्छ करता येत नसेल तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्याने पुसावे व लगेच कोरडे करावे. अगरबत्ती, धूप, डांबरगोळ्या आणि चिडाच्या लाकडाचा भुसा त्याच्यापासून दूर ठेवावा. त्याची फुप्फुसे नाजूक असतात. जोडीदार उंदीर त्रास देत नसेल तर दोघांना वेगळे करू नये. हा समूहाने राहणारा प्राणी आहे. आजारात सोबतीची ऊब त्यालाही लागते.

शेवटी काकांचे म्हणणे, आणि ते सर्वांत अवघड आहे. काही वेळा औषधे हरतात. श्वास घेणे जड होते, घास गिळत नाही, प्राणी वेदनेने कण्हतो. अशा वेळी पशुवैद्य दयामरण सुचवतात. त्यांच्या शास्त्राप्रमाणे तो वेदनामुक्तीचा मार्ग आहे, त्यांच्या हेतूविषयी शंका घेऊ नये. जैन गृहस्थाची श्रद्धा त्याला सहसा संमती देत नाही. परंतु ‘नाही’ म्हणण्याने कर्तव्य संपत नाही, उलट दुप्पट होते. वेदनाशामक औषध वेळेवर देणे, रात्री उठून कूस बदलणे, ओठ ओले करणे, हे ज्याला करायचे नसेल त्याचा नकार ही अहिंसा नव्हे, ती केवळ स्वतःच्या हातांना डाग न लागू देण्याची धडपड होय. प्राण मुंगीच्या पावलांनी जात असताना कोपऱ्यातील पिंजऱ्यावर फडके टाकून झोपी जाणे, यात धर्म नाही. निर्णय कोणताही होवो, तो जवळ बसून, डोळे उघडे ठेवून व्हावा.

पूर्वसूरींनी यासाठी ‘जयणा’ असा शब्द योजला आहे. जयणा म्हणजे सावधपणा, लक्षपूर्वक केलेली कृती. करुणा मनात उपजते. जयणा हातांतून, वेळेतून, कष्टांतून प्रकट होते. जयणेवाचून करुणा म्हणजे भांडवलावाचून व्यापार.

त्या कुटुंबाकडे पुन्हा वळू. मुलीने त्याच रात्री पशुवैद्य गाठला आणि कानाचा संसर्ग निघाला, असे समजावे. काही आठवड्यांच्या औषधानंतर तो उंदीर हिंडू-फिरू लागला. मान किंचित कललेलीच राहिली. ज्या आजी त्याला बागेत सोडायला निघाल्या होत्या, त्या आता रोज सायंकाळी प्रतिक्रमणाला बसण्यापूर्वी पिंजऱ्यापाशी जातात. त्यांचा स्वतःचा चौविहार असतो. सूर्य मावळला की त्या पाण्याचा थेंब घेत नाहीत. पण त्याची वाटी भरली आहे ना, हे वाकून पाहिल्याशिवाय त्या आसनावर बसत नाहीत.

अशा आजी घरोघरी असोत. जय जिनेंद्र.